बंदुकीवरची बॅटरी

दुष्काळात मी माझ्याच पाण्याच्या टाकीला गोळी घातली.

हे वाक्य मी लग्नकार्यात, स्टाफरूममध्ये, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला अनेकदा सांगितलंय. लोक हसतात. हसणारच. लातूरला नळाला पाणी यायचं बंद झालंय, माणसं सायकलीला कॅन बांधून गावभर फिरून राहिलीत, आणि एक प्राध्यापक स्वतःच्या भरल्या टाकीला भोकं पाडतो. यात न हसण्यासारखं काय आहे? आहे ते एवढंच, की टाकीच्या मागे नळाखाली घागर धरून माझ्या सगळ्यात जुन्या मित्राची आई उभी होती. तेवढं मी सांगायचं टाळत आलो.

नेम मी टाकीवर धरला नव्हता. टाकीपासून चांगला लांब, डावीकडच्या चिखलावर धरला होता. निदान उजेड तरी तिथं पडला होता. बंदुकीच्या नळीला बॅटरी बांधलेली होती, म्हणजे टॉर्च, आमच्याकडं त्याला बॅटरीच म्हणतात. जिथं बॅटरीचा उजेड पडतो तिथंच छरे जातात असं मी धरून चाललो होतो. एम. ए. झालेला माणूस काहीही धरून चालू शकतो.

बंदूक माझ्या मामाची. मामा अर्धापूरचे, केळीची बाग असलेले, पानाचा डबा आणि मतं दोन्ही कायम भरलेली असलेले गृहस्थ. मी नांदेडला शिकायला होतो, पुढं तिथंच तात्पुरता लेक्चरर झालो. दर रविवारी मामांकडं जेवायला जायचं आणि जेवण झाल्यावर त्यांना सरंजामदार म्हणायचं, असा माझा क्रम होता. मामा रागवायचे नाहीत. "भाचेबुवा," म्हणायचे, "तुमची क्रांती झाली की रानडुकरं काय कॉम्रेड होणार हायत का? कंद उकरायचे थांबतील?"

डुकरं अंधारात यायची, म्हणून नळीखाली तीन सेलची बॅटरी. ती धरून ठेवणारा पितळी पट्टा मामांनी नांदेडच्या एका कारागिराकडून करून घेतला होता. दुपारी ओसरीवर पोतं अंथरून मामा सगळं मांडायचे. बंदुकीकडं त्यांचं फार लक्ष नसायचं, लक्ष बॅटरीकडं. "बंदूक महिनाभर नाही पुसली तरी चालून जाईल. सेल आत राहिले तर पाझरतात, स्प्रिंग खातात." सेल काढून ते गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे. स्प्रिंगवर आलेला पांढरा थर पॉलिश पेपरनं घासायचा. आतल्या चकचकीत वाटीला फडकं लावायचं नाही, नुसती फुंकर. बार झाला की धक्क्यानं बल्बची तार तुटते, म्हणून जादा बल्ब काडेपेटीत, कापसात गुंडाळलेला. आणि शेवटी, दिवे लागायच्या वेळेला, बंदूक रिकामी करून बिजागरीशी मधून मोडायची, बॅटरी लावायची आणि मागच्या बाजूनं नळीत डोळा घालून समोरची पांढरी भिंत बघायची. उजेडाचा गोल नळीच्या गोलात बरोबर बसला पाहिजे.

"नळीतून उजेड दिसला पाहिजे," मामा म्हणायचे. "नळीत अंधार असला तर समजायचं, बॅटरी खोटं बोलून राहिली."

मी हे सगळं शिकलो असं म्हणणं मामांवर अन्याय होईल. मी केळी खात हुं हुं करत होतो.

त्याच काळात बाहत्तरचा दुष्काळ पडला आणि मी नांदेड सोडून उन्हाळाभर आमच्या गावी येऊन राहिलो. गाव औशाजवळचं. तिथं माझा मित्र होता, बौद्ध वस्तीतला, माझ्याच वर्गात शिकलेला आणि माझ्यापेक्षा दोन पायऱ्या जास्त डोकं असलेला. दुष्काळी कामावर गावातली निम्मी माणसं खडी फोडत होती आणि मोजमाप घेणारा मुकादम ढिगाऱ्याची उंची डोळ्यानं कमी करत होता. मी आणि मित्रानं मोर्चा काढला. औशाला तहसीलपुढं मी असं काही भाषण केलं की माझं मलाच रडू आलं. बायांना आलं नाही, त्यांना मापं पुरी मिळाली तेवढं पुरे होतं.

मोर्चाच्या भरात मी आणखी एक गोष्ट केली. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर वस्तीतल्या बायांनी दोर सोडायचा नाही अशी जुनी रीत होती. मित्राच्या आईला मी माय म्हणायचो, त्या उन्हाळ्यात तिच्याच घरी जेवायचो. एका सकाळी मी तिला विहिरीवर घेऊन गेलो आणि दोर हातात दिला. ती म्हणाली, "तुजा बाप काय म्हनंल?" मी म्हणालो, "बापाचं मी बघतो." बाप माझ्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत. पण विहीर खुली झाली ती झालीच. मी तेव्हा स्वतःवर इतका खूश होतो, की पुढची दहा वर्षं त्याच खुशीवर काढली.

मग माणूस कसा बदलतो? मला वाटायचं, एखादी मोठी घटना घडत असेल, विचारांची उलथापालथ होत असेल. तसं काही झालं नाही. लातूरला कायमची नोकरी लागली. लातूर जिल्हा झाला. गंजगोलाईच्या बाजारात पेढे वाटले गेले, कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, प्लॉटचे भाव चढले आणि माझा एक प्लॉट होता. एका दुपारी मी स्कूटरवर कॉलेजला निघालो असताना मोर्चा आडवा आला. मी अर्धा तास उन्हात उभा राहिलो आणि मनात म्हणालो, या लोकांना काही कामधंदा नाही का? मोर्चानं रस्ता अडतो हे मी मोर्चात असताना माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तिथून घरंगळत गेलो. "शिस्त" हा शब्द माझ्या बोलण्यात येऊ लागला. मग "हल्लीची पोरं". मग आमच्या कॉलनीला भिंत बांधायची ठरली तेव्हा भिंतीवर काचा लावायची सूचना माझी. मतदानाला गेलो आणि ज्या चिन्हाची मी आयुष्यभर टिंगल केली त्यावर शिक्का मारून आलो. घरी येऊन बायकोला सांगितलं नाही. तिनं चपला काढायच्या ढंगावरूनच ओळखलं. "मी एका क्रांतिकारकाशी लग्न केलं होतं," ती म्हणाली, "आणि संसार वॉचमनशी करून राहिले."

मित्रही लातूरलाच होता, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत, सफारी घालून. तोही आपल्या पोराला मोर्चाला जाऊ नको म्हणायचा, त्यानंही घराला जाळ्या बसवल्या होत्या. आम्ही दोघं चहा पीत जुन्या आपल्यालाच हसायचो. फरक एवढाच, की त्याच्या घरात बंदूक नव्हती.

माझ्याकडं आली. मामा गेले, त्यांच्या मुलांना पुण्यात बंदुकीचं काही काम नव्हतं. पूर्वी लायसनसाठी जुन्या जिल्ह्याच्या गावी, उस्मानाबादला खेटे घालावे लागले असते आणि माझ्या आळसानं मला वाचवलं असतं. आता कलेक्टर कचेरी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पीक संरक्षणासाठी म्हणून परवाना मागितला, मिळाला. कचेरीच्या पायऱ्या उतरताना एक जुना विद्यार्थी भेटला, म्हणाला, "सर, इथं घोषणा द्यायला आलात का?" मी म्हणालो, "नाही, बंदूक घ्यायला." तो मोठ्यानं हसला. त्याला तो विनोद वाटला.

बंदूक घरात आल्यावर मी बॅटरीची देखभाल मात्र मनापासून करायला लागलो. सेल काढणं, उन्हात ठेवणं, स्प्रिंग घासणं, काडेपेटीतला बल्ब, सगळं मामांसारखं. पितळी पट्टा थोडा सैल वाटला म्हणून आत जुन्या चपलेच्या चामड्याची पट्टी घातली. ती माझी स्वतःची भर. फक्त संध्याकाळी नळीत डोळा घालायचं काम राहून जायचं. त्या वेळी रेडिओवर बातम्या लागायच्या.

मग पाऊस सलग हुकला. उन्हाळ्याच्या सुटीत लातूरचे नळ कोरडे पडले आणि आम्ही नवराबायको पाण्यासाठी गावी मळ्यात येऊन राहिलो. विहिरीला अजून पाणी होतं. लाइट आली की मोटार चालवायची आणि दगडी चौथऱ्यावरच्या पत्र्याच्या टाकीत पाणी साठवायचं, अशी सोय वडिलांच्या माघारी मीच केली होती. दोरही गेला होता आणि वडीलही. वस्तीतल्या बाया टाकीच्या मागच्या नळावर पाणी भरायच्या. सरकारी टँकर यायचा तेव्हा यायचा.

पहिले काही दिवस मी नुसता बघत होतो. मग मी व्यवस्था लावायला घेतली. रांग पाहिजे. घरटी दोन घागरी. वेळ सकाळचीच, कारण संध्याकाळचं पाणी माझ्या मोसंबीच्या झाडांना. नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. विहीर मोठी नव्हती आणि जून लांब होता. पण नियम सांगताना माझा आवाज कसा व्हायचा, ते बायको आतून ऐकायची. "अहो, पाणी देताय का हजेरी घेताय?" ती म्हणायची.

टाकीखाली गळून चिखल व्हायचा आणि त्या ओलीला रानडुकरं येऊ लागली. हे मला बरंच वाटलं. बंदुकीला कारण मिळालं. मी संध्याकाळी खाट अंगणात टाकून, बंदूक मांडीवर घेऊन बसू लागलो. काय काय वाटायचं मला त्या वेळी! कोण मोटार चोरून नेईल, कोण रात्रीतून टाकी रिकामी करील, कोण नियम मोडील. डुकराचा विचार त्या मानानं कमीच यायचा.

त्या दिवशी सूर्य नुकताच बुडाला होता, अंधार पुरता पडला नव्हता. टाकीकडं खुडबुड ऐकू आली. मी उठलो, बंदूक खांद्याला लावली, बॅटरीचं बटण दाबलं. डाव्या अंगाच्या चिखलावर उजेडाचा गोल पडला. स्वच्छ गोल, घासूनपुसून ठेवलेल्या बॅटरीचा. चिखलात काही नव्हतं. डुकरं टाकीच्या आडोशाला असतील, रिकाम्या चिखलात एक बार काढला की पळतील, असा हिशेब करून मी घोडा ओढला.

टाकी घणघणली. पुढच्या पत्र्यातून पाण्याच्या सात-आठ धारा सुटल्या. मागून कुणीतरी बाई ओरडली.

आणि मी काय बोललो? माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं: "पाण्याची वेळ सकाळची आहे!"

हे मी कसं बोललो, मला सांगता येत नाही. माणूस घाबरला की आतलं बाहेर पडतं म्हणतात. माझ्या आत तेवढंच होतं वाटतं.

"आरं, मी हाय," टाकीमागून आवाज आला. माय पुढं आली. लुगडं भिजलेलं, हातात घागर तशीच. "सकाळच्या रांगंत उभं ऱ्हावत न्हाई बाबा, गुडघं धरत्यात. म्हनून आत्ता आले."

बायको धावत आली, तिनं मायला हात लावून लावून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तोवर आवाज ऐकून वस्तीतली माणसं पळत आली होती. मला वाटलं, आता मला धरतील. पण पाणी वाहून चाललं होतं. बाया आल्या पावली परत गेल्या आणि भांडी घेऊन आल्या. प्रत्येक धारेखाली एक घागर, एक हंडा, एक बादली, कुणाची परात. कुणी रांग लावली नाही, कुणी दोन मोजल्या नाहीत. माझा नियम माझ्याच छऱ्यांनी मोडला. बायको अंगाच्या साबणाची वडी मळून एकेक भोक बुजवत होती आणि मी भर गर्दीत बंदूक हातात घेऊन उभा. ती कुठं ठेवावी हे कळत नव्हतं. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, पण माझ्या अंगावरून जाताना प्रत्येक जण जरा लांबून जात होता. पोरंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मित्र फटफटीवर आला. मी त्याची सकाळपासून वाट बघत होतो. म्हणजे भीतच होतो. त्यानं पोलिसात जायचं ठरवलं असतं तर मी अडवू शकलो नसतो, आणि तो न जाता नुसता तोडून गेला असता तर ते जास्त वाईट होतं. चाळीस वर्षांत मला दुसरा मित्र जमलेला नव्हता.

मी त्याला बसू दिलं नाही, बोलू दिलं नाही. सगळं तांत्रिक अंगानं समजावून सांगितलं. पट्टा, चामड्याची पट्टी, दुष्काळी उन्हानं चामडं आक्रसलं, त्यामुळं बॅटरी एका अंगाला कलली, त्यामुळं उजेड एकीकडं आणि नळी एकीकडं.

"दाखव," तो म्हणाला.

दिवेलागणीला आम्ही घराच्या चुना दिलेल्या भिंतीपुढं उभे राहिलो. मी बंदूक रिकामी केली, मोडली, बॅटरी लावली. त्यानं नळीत डोळा घातला. बराच वेळ घालून ठेवला. मग म्हणाला, "काळोख आहे."

मी बघितलं. उजेडाचा गोल नळीच्या कितीतरी डावीकडं भिंतीवर ऐटीत बसला होता.

"म्हणजे उजेड चिखलावर आणि बार मायवर."

"मायवर नाही रे, टाकीवर."

"टाकी भरलेली होती म्हणून टाकीवर. दुपारी लाइट आली नसती तर? रिकामा पत्रा किती जाड असतो मास्तर?"

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पाण्यानं छरे अडवले होते. जे पाणी मी घागरी मोजून देत होतो, त्यानं.

मी हात चालवू लागलो. चामडं काढून टाकलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घातला, स्क्रू आवळला, परत नळीतून बघितलं, परत आवळला. शेवटी गोल गोलात बसला. काय सांगू, त्या परिस्थितीतही मला आनंद झाला. मी त्याला म्हणालो, "बघ, आता बघ!"

त्यानं बघितलं. "हं," तो म्हणाला. "आता नेम बरोबर लागेल."

मग आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडलो. पाणी पुरवून वापरायला नको का, नियम नको का, तू स्वतः कचेरीत बसून नियमच राबवतोस ना, असं सगळं. तो ऐकत होता. "नियम बरोबरच होता," तो म्हणाला. "पण तो तू एकट्यानं केलास, आणि मांडीवर बंदूक घेऊन सांगितलास. वस्तीत बसून विचारलं असतंस तर माझ्या मायनंच तुला दीड घागरीवर आणलं असतं. तिनं बाहत्तर काढलंय." मग म्हणाला, "तक्रार मी करणार नाही. माय नको म्हणाली. पण हे नियमाचं तिच्यापुढं बोल, माझ्यापुढं नको."

मी बोलायला तयार होतो. खरं तर मी सुटल्यासारखा झालो होतो. माझी बुद्धी अशी, की चूक दुरुस्त करायची पद्धत सापडली की चूक संपली असं मला वाटतं. वाटेनं मी मनात सगळं जुळवलं: संध्याकाळची वेळ म्हाताऱ्या बायांसाठी मोकळी, बंदूक कुलपात, सेल काढून वेगळ्या डब्यात, रांगेची व्यवस्था वस्तीनं बघायची. एक नवी घागरही बायकोनं बरोबर दिली होती. पुढं मी फार बदललो असं नाही, हेही इथंच सांगून टाकतो. मोर्चा आडवा आला की अजून चिडतो, शिक्का अजून तिथंच मारतो, आणि कॉलनीच्या भिंतीवरच्या काचा अजून आहेत. मित्र म्हणतो, त्याची मतं माझ्यापेक्षा फार वेगळी राहिलेली नाहीत. ते ऐकून मला बरं वाटायला पाहिजे, पण वाटत नाही.

माय दारात कंदिलाच्या उजेडात बसून ज्वारी निवडत होती. मित्र आत गेला. मी उभ्याउभ्याच माझी सगळी योजना सांगितली, कलमवार. बंदूक आता नीट झाली आहे, हेही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. मी म्हणालो, "माय, तुला लागलं असतं तर मी..."

"लागलं न्हाई," ती म्हणाली. "बस."

मी बसलो. तिनं घागर उचलून बुडाशी बोटं वाजवून बघितली, आत ठेवून आली, परत सूप घेतलं.

मी विचारलं, "मग उद्यापासून तुम्ही सगळ्या जणी संध्याकाळी येताल ना? भ्यायचं कारण नाही आता. मी स्वतः तिथं उभा राहीन."

"यिऊ की," माय म्हणाली. "पानी लागतंय, न यिऊन करताव काय? पर तू तवा तितं थांबू नगंस. बंदूक आसू नायतर नसू."